किळसमुक्त तालुका

खाजणी तालुक्याच्या हद्दीवर एसटीतून उतरलं की समोरच पाटी दिसते: 'किळसमुक्त खाजणी तालुका आपले सहर्ष स्वागत करीत आहे.' त्या दिवशी पाटीच्या खांबाला टेकून एक मेलेलं कुत्रं पडलं होतं. आजचं नव्हे, आठवडाभरापूर्वीचं. फुगून फुटलेलं, माश्यांनी काळं झालेलं. आणि त्याच्यापासून दोन हातांवर चार बायका एसटीची वाट बघत भाजके शेंगदाणे खात होत्या. हसत-खिदळत, अगदी आरामात.

डॉ. ऋजुता दातार गाडीतून उतरल्या, त्यांनी ते पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला वाकून सकाळचा चहा ओकून टाकला.

"गाडी लागली वाटतं, मॅडम!" त्यांना न्यायला आलेली आरोग्यसेविका हर्षाली गावकर धावत आली.

"गाडी नाही गं. ते कुत्रं..."

हर्षालीने वळून बघितलं. "हो, मेलंय. वास येतोय. मग?"

तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं की 'मग' काय.

आता हे असं का झालं ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की या तालुक्यातली माणसंच घाणेरडी. मुळीच नाही! एकतीस गावं, दोन खाड्या, चिऱ्याची लाल घरं, दारापुढे सारवलेलं खळं. मासे तीन पाण्यांतून धुतल्याशिवाय विळीवर न घेणारी ही माणसं. पण आधी मोठ्या शहरांनी आपला मैला बार्जमध्ये भरून इथल्या खाडीत ओतायला सुरुवात केली. मागून सडक्या मासळीचा भुगा करणारे फिशमिलचे कारखाने आले. खाडीवर राखाडी साय धरली. कांदळवनाच्या मुळांना काय काय लोंबायला लागलं ते मी सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल. लोक ओरडले, मोर्चे निघाले, बार्ज अडवले गेले. आणि दर वर्षी सरकारच्या राहणीमान निर्देशांकात, म्हणजे कुठला तालुका राहायला किती चांगला याच्या यादीत, खाजणी शेवटून पहिली येऊ लागली.

त्याच सुमारास डॉ. दातारांचे थेंब तयार झाले होते.

डॉक्टरांचा हेतू स्वच्छ होता, हेही सांगून टाकतो. एका महापुरानंतर चिखलातून प्रेतं काढणारे स्वयंसेवक त्यांनी पाहिले होते. धडधाकट माणसं ओकत होती, रडत होती, पळून जात होती. किळस ही मेंदूच्या एका घडीत जन्मते. त्या घडीला डॉक्टरांनी 'किळसघडी' म्हटलं. नाकात तीन थेंब टाकले की त्यांतला निरुपद्रवी विषाणू त्या घडीपर्यंत पोचतो आणि चार दिवसांत तिला कायमचं झोपवतो. वास येतो, दिसतं, सगळं समजतं. फक्त पोटात ढवळत नाही, नाक मुरडत नाही, अंग शहारत नाही. हे 'शमन थेंब' त्यांनी प्रेतं उचलणाऱ्यांसाठी केले होते.

पण वरच्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की खाडी साफ करायला वीस वर्षं लागतील, थेंब टाकायला वीस दिवस! निर्देशांकाच्या पाहणीत एक प्रश्न असतो: 'आपल्या परिसराची आपल्याला किळस येते का?' सगळ्या तालुक्याने 'नाही' म्हटलं की झालं. शी! खाडी तशीच ठेवायची आणि माणसं दुरुस्त करायची. लिहितानासुद्धा तोंड कडू होतं.

पाच वर्षांत खाजणी यादीत पहिली आली. आता डॉक्टर आल्या होत्या शेवटच्या तपासणीला. त्यांनी सही केली की पुढे अख्ख्या किनाऱ्याला थेंब मिळणार होते. स्वतः त्यांनी थेंब घेतले नव्हते. तपासणाऱ्याची किळस शाबूत असावी, असा त्यांचाच नियम होता.

"एकच बाई राहिलीय, मॅडम," हर्षाली म्हणाली. "स्नेहलआजी तांडेल. ती घेतच नाही."

स्नेहलआजी धक्क्यावरच्या मासळी बाजारात दगडावर बसली होती. वय सत्तरच्या पुढे, अंगात फिकट नऊवारी, नाकात बारीक नथ. एक बाई बांगड्यांची पाटी घेऊन तिच्यापुढे बसली.

"बघ गे आजी."

आजीने बांगडा उचलला, अंगठ्याने कल्ला उघडला, नाकाशी नेला, आणि पुढच्याच क्षणी तो मासा धक्क्याबाहेर पाण्यात गेला. "शिरा पडो तुज्या तोंडार! तीन दिवसांचो बांगडो घेवन बसलंस? मारतलंस कोणाक तरी!"

"वास येता गे," ती बाई मुकाट्याने पाटी उचलत म्हणाली, "पण वायट कसो, ता कळणा नाय."

रोज सकाळी सगळ्या पाट्या आजीपुढून जात. आरोग्य केंद्राच्या वहीत खाजणीतल्या विषबाधा इतक्या कमी का, याचा उलगडा डॉक्टरांना तिथे उभ्या उभ्या झाला. त्या थेंबांचं यश एका म्हातारीच्या नाकावर उभं होतं! त्यांना थोडी लाज वाटली.

"तू ती थेंबवाली?" आजीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बस हंय. तुझा तोंड बघून बरा वाटला. पाच वर्षांत माझ्यासारखा आंबट तोंड केलेला माणूस पयल्यांदाच बघतंय."

डॉक्टर हसल्या. मग आजीने त्यांचा हात धरला.

"माका एक सांग बाय. माझ्या नातीक चेडू झाला. आर्वीक. आठ महिन्यांचा झाला ता. माका हात लावूक देणत नाय."

पणतीपासून आजीला लांब का ठेवलंय, ते डॉक्टरांना माहीत होतं. नियम त्यांच्याच पुस्तिकेतला होता. माणूस किळस घेऊन जन्मत नाही. तान्हं मूल काहीही तोंडात घालतं. आईचं, आजीचं वाकडं झालेलं तोंड बघून ते शिकतं की हे घाण, हे थू. याला त्यांनी 'चेहरासंसर्ग' असं नाव दिलं होतं. थेंब वर्षाच्या आत सहसा देत नाहीत, म्हणून तोवर किळस असलेल्या माणसाने बाळाच्या घरात राहायचं नाही. पाहुणा आलाच तर तोंडाला पट्टी. आणि बाळाने एकदा जरी नाक मुरडलं तर वर्षाची वाट न बघता तिथल्या तिथे थेंब.

"तोंडाक फडको बांधून जा म्हणतत. फडको बांधून मुको कसो घेवचो?" आजीचे डोळे भरले. "आर्वी फिशमिलात कामाक जाता. दिवसभर चेडवाक बाटलीचा दूध. खिडकीतसून बघतंय मी. फुटलेला दूध असता बाय! गाठी दिसतत. मी बोंब मारतंय, तर शेजारीण म्हणता, होय, फुटलेला आसा, मग? थेंब घेतलंय तर चेडू मांडयेर गावतला. नाय घेतलंय तर निदान बोंब तरी मारूक गावता. काय करू?"

डॉक्टरांनी विचार केला. खरं सांगायचं तर त्यांना ती सही करायची होती. दहा वर्षांचं काम होतं. पण म्हातारीला फसवायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना खरोखरच वाटलं की यावर उपाय आहे.

"आजी, किळस म्हणजे शरीराचा पहारेकरी," त्या समजावून सांगू लागल्या. "रोग आत शिरायच्या आधी तो ओरडतो. जुन्या काळी माणसाकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून तो लागायचा. आता आपल्याकडे साधनं आहेत." त्यांनी पिशवीतून कागदी पट्ट्यांचा गठ्ठा काढला. "ही दूधपट्टी. बाटलीत बुडवायची. पांढरी राहिली तर दूध चांगलं, निळी झाली तर ओतून द्यायचं. तुमच्या नाकापेक्षा पक्की. तुम्ही बाळाजवळ असाल, तुमच्या हातात पट्टी असेल. आणखी काय हवं?"

आजी पट्टी उलटीपालटी करत राहिली. "पण बाय, मासो कुसको असलो मां, तर माझो हात आधी उडता. डोक्याक मगे कळता."

"तेच तर. आता आधी डोक्याला कळेल," डॉक्टर म्हणाल्या.

आजीने खाडीकडे पाहिलं. त्या राखाडी सायीवर एक नारळ तरंगत होता, हलतसुद्धा नव्हता. "लय कंटाळलंय गो," ती म्हणाली. "सगळ्यांनी हसत जेवचा आणि मी एकटीनच ओकचा. घरात नाय, दारात नाय. घाल."

हर्षालीने तिथेच आजीच्या नाकात तीन थेंब टाकले. आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तालुका शंभर टक्के झाला.

डॉक्टर आठवडाभर सरकारी विश्रामगृहात राहिल्या. राहिल्या म्हणजे काय, दिवस ढकलले. पाण्याच्या माठात अळ्या वळवळत होत्या आणि खानसामा त्या चमच्याने बाजूला करून पेला भरून देत होता, वर "घ्या ना" म्हणून आग्रह! स्मशानाच्या वाटेवर कारखान्याने सडक्या मासळीचं पाणी सोडलं होतं. लोक घोटा घोटा त्यातून तिरडी नेत होते. "हे कुणी केलं?" डॉक्टरांनी विचारलं. लोकांनी नाव सांगितलं, तो माणूस तिरडीला खांदा देऊन समोरच चालत होता. "त्यानेच केलं. मग?" डॉक्टरांच्या पोटात तेव्हा जे ढवळलं, ते वासाने नव्हतं. किळसघडीत फक्त सडक्या माशाचीच किळस राहते असं थोडंच आहे! नीच वागण्याची शिसारीही तिथेच राहते. हे त्यांनी शोधनिबंधात एका तळटीपेत लिहिलं होतं. तळटीपा कोण वाचतो?

पाचव्या दिवशी सकाळी त्या धक्क्यावर गेल्या. आजीचा दगड रिकामा होता. पाट्या भराभर विकल्या जात होत्या. एक तारली डॉक्टरांनी हातात घेतली, तर तिचं पोट बोटाखाली फुटलं. विकणारीने हसून दुसरी दिली. त्या हर्षालीला घेऊन तडक आर्वीच्या घराकडे निघाल्या.

दाराशी हर्षालीने आठवण करून दिली तेव्हा त्यांनी तोंडाला पट्टी बांधली. आत आर्वी कामाला जायच्या तयारीत केस विंचरत होती. जमिनीवर उष्टी भांडी, त्यांवर माश्या. आणि मधोमध भिंतीला टेकून स्नेहलआजी बसली होती, मांडीवर गोरीगोमटी पोर. आजीचा चेहरा इतका निवांत होता की क्षणभर डॉक्टरांना बरंच वाटलं. ती पोरीच्या गालाचे मटामटा मुके घेत होती.

"ये बाय, ये! बघ गो, कशी हसता ती!" आजी म्हणाली आणि बाटली पोरीच्या तोंडाला लावली.

बाटलीतलं दूध पिवळट होतं. गाठी वर आल्या होत्या. आंबूस वास दारापर्यंत येत होता.

"आजी! पट्टी बुडवली नाहीत?"

"बुडवलंय तर! तू सांगितलंस तशी." आजीने बाजूच्या ताटलीतली पट्टी उचलून दाखवली. गर्द निळी. "निळी झाली. दूध नासलेला आसा."

"मग पाजताय कशाला?"

आजीने डोळे वर केले. त्या डोळ्यांत पाच दिवसांपूर्वीचं काहीच नव्हतं. पोरीवरची माया मात्र तेवढीच होती, किंबहुना जास्त. "भूक लागली तिका," ती म्हणाली. "नासलेला आसा. मग?"

डॉक्टरांना तेव्हा कळलं, आणि उशिरा कळलं. पट्टी फक्त सांगते. डोकं फक्त समजतं. बाटली हिसकावून फेकणारा हात मात्र किळसेचा असतो, आणि तो त्यांनीच झोपवला होता. या म्हातारीचा, या नातीचा, एकतीस गावांचा.

त्यांनी झडप घातली, बाटली ओढून उंबऱ्याबाहेर भिरकावली. दम लागला म्हणून तोंडावरची पट्टी खाली खेचली आणि ओरडल्या, "अहो, विष आहे ते! शी शी शी! थू! मारून टाकाल पोरीला!"

आर्वीने फणी खाली ठेवली. कुणी रागावलं नाही. सगळे डॉक्टरांकडे अशा नजरेने बघत होते, जसं तापात बडबडणाऱ्या माणसाकडे बघावं.

पोर मात्र टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिने ओठ मागे ओढले, जीभ बाहेर काढून तोंडातली गाठ बाहेर ढकलली. आणि तिचं इवलंसं नाक मुरडलं. "थू," ती म्हणाली. आठ महिन्यांच्या पोरीने स्वतः, कुणी न सांगता!

डॉक्टरांना हुंदका आला. "बघा! बघा, तिला कळलं!" त्या आर्वीचा दंड धरून हलवत म्हणाल्या. "तिला राहू दे अशीच. तिला माझ्याकडे द्या, मी..."

"चेहरासंसर्ग झाला," हर्षाली हळहळून म्हणाली. तिने पेटी उघडली. "चुकून झालं मॅडम, वाईट नका वाटून घेऊ. तुमच्याच पुस्तिकेत आहे, नाक मुरडलं की वर्षाची वाट बघायची नाही."

"हर्षाली, नको! मी सांगतेय ना, मीच लिहिलंय ते, मीच सांगते की चूक आहे!"

"तुम्हाला त्रास होतोय, मॅडम. कळतंय मला." हर्षालीने कुपी हलवली. "तुमच्यासाठी पण ठेवलीय एक."

डॉक्टर पुढे धावल्या, तेव्हा आर्वीने त्यांना मागून अलगद धरलं. प्रेमानेच धरलं, पण घट्ट. स्नेहलआजीने पोरीचं डोकं आपल्या छातीशी टेकवून मागे कलतं केलं, कपाळावरचे केस सारले.

"घाल गो बाय," ती हर्षालीला म्हणाली. "माझ्यासारखा भोगूक नको तिका."

एक, दोन, तीन. पोर शिंकली, आणि डॉक्टरांकडे बघतच राहिली. तिच्या नाकावरची सुरकुती अजून तशीच होती. चार दिवस राहणार होती.