चौथा कोपरा

बेड रनर ही काय भानगड आहे, हे मला मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी आडवी टाकायची शिवलेली जाड पट्टी. पांघरायची नाही, अंथरायची नाही, नुसती शोभेची. माझ्या मिस्टरांनी, स्वप्निलनी, मोबाईलमधला फोटो पाहिला आणि म्हणाले, "म्हंजे वाकळीलेच नटवून ठेवलं म्हणा." मी म्हटलं, हसा खुशाल. पोरगी सुट्टीत घरी आली की तिची खोली पाहून हरखली पाहिजे.

पोरगी म्हणजे माया, आमची एकुलती एक. अमरावतीला बीएस्सी करते, होस्टेलवर राहते. आणि खोली म्हणजे अकोल्याच्या आमच्या घरातली मागची, जिथं माझ्या सासूबाई, केशरबाई, शेवटपर्यंत पडून होत्या. त्यांचे पाय गेले होते. जीभ मात्र शाबूत. रोज सकाळी हाक मारायच्या, "ज्योत्स्ने, मले एकडाव सयपाकखोलीपरेंत चालू दे वं. माह्या हातानं कोरा चहा करू दे." ते काही त्यांना जमलं नाही. त्या गेल्यावर आम्ही खोलीला मोतिया रंग दिला, नवा पलंग आणला. रनरसाठी मी त्यांचीच जुनी लुगडी काढली. इतकं मऊ सुती कापड आता दुकानात मिळतं कुठं?

सासूबाई अख्ख्या आळीच्या वाकळी शिवायच्या. डावखुऱ्या होत्या, त्यामुळे त्यांचा टाका उलटीकडे कललेला, तांदळाच्या दाण्याएवढा. कुणाचीही वाकळ असो, पायथ्याचा एक कोपरा बोटभर उघडा ठेवायच्या. काहून म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "पांघरणारा रातभर आत असते. सकाळी निघ्याले वाट नोको का त्याले?" आता मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचं बावीस प्रतिज्ञा पाळणारं घर. अंगात येणं, उतारे, गंडेदोरे, असलं काही दाराच्या आत येत नाही. सासूबाईही पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायच्या. पण कोपऱ्याचा हट्ट काही सोडला नाही त्यांनी.

शोभेच्या वस्तूला उघडा कोपरा म्हणजे ध्यान दिसणार. मी चहूबाजूंनी निळा गोट लावला आणि चारही कोपरे पक्के बंद केले.

माया मे महिन्यात आली. अकोल्याचा मे, दुपारी नळाच्या पाण्यानं हात भाजतात. रनर पाहून ती इतकी खूश झाली की त्याच्यासकट पलंगाचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. "आई, आजीच्या अंगाचा वास येते वं याले," म्हणाली. पहाटे कूलरची हवा पायाला लागते म्हणून तिनं ती पट्टी पायांवर ओढून घेतली. शोभेची म्हणून कुणी ऐकतं का?

सकाळी ती उशिरा उठली. पाय जड झाले म्हणाली. मी हात लावला तर पावलं थंडगार, माठाच्या बुडासारखी.

नंतर ती झोपतच गेली. हलवलं तर डोळे उघडायची, दोन घास खायची, पुन्हा मिटायची. गुडघ्याखाली चिमटा काढला तरी कळेना. स्वप्निल तिला उचलून रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. रक्त, लघवी, कमरेचा फोटो, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले नागपूरला दाखवा. तिथली वेळ मिळेपर्यंत घरी ठेवा. घरी ठेवा! लेकरू माझ्या डोळ्यांसमोर विझत चाललेलं, आणि घरी ठेवा म्हणे.

रनर मी काढून कपाटात ठेवला, तर माया झोपेत कण्हायला लागली. असं कण्हणं मी कधी ऐकलं नव्हतं. पायांवर परत टाकला की गप्प.

तेव्हा मला कोपरा आठवला. मला माझाच राग आला, असल्या गोष्टीवर मी विश्वास ठेवू? पण पोरीपुढं कसलं विज्ञान अन् कसलं काय. मी ब्लेड आणलं आणि पायथ्याकडचा एक कोपरा उसवला, बोटभर.

संध्याकाळी पाहिलं तर कोपरा शिवलेला. माझा टाका नव्हता. तांदळाएवढा, उलटीकडे कललेला.

मी पुन्हा उसवला. सकाळी पुन्हा बंद. स्वप्निलना विचारलं, तर म्हणाले, तू आधी जरा झोप घे. दोऱ्याची गाठ शोधली, वर नाही, खाली नाही. बोटांनी चाचपली तेव्हा सापडली. ती आतल्या बाजूनं मारलेली होती.

दुसऱ्या दिवशी नागपूरला जायचं होतं. दुपारी स्वप्निल गाडी ठरवायला बाहेर पडले. मी खोलीचं दार लावलं, कोपरा उसवला आणि त्यात माझं बोट घालून बसले. बघू कसा शिवला जातो.

बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलर घरघरत होता. आत कापड बर्फासारखं.

थोड्या वेळानं सुई टोचली.

मी बोट काढलं नाही. पुन्हा टोचली. निळ्या गोटावर रक्ताचा डाग पसरला. मला रडू फुटलं. "आई," मी म्हटलं, "पाया पडते तुमच्या. माह्या लेकराले सोडा. तुमाले काय पायजे ते घ्या, पण तिले उठू द्या."

सुई थांबली.

माझ्या बोटाला घासून काहीतरी बाहेर निघालं. ओलसर, गार, ओढणी सरकावी तसं.

मायानं डोळे उघडले.

उठून बसली. पाय खाली सोडले, जमिनीवर टेकवले आणि उभी राहिली! मी तिला कवटाळलं, तिच्या तोंडावरून, केसांवरून हात फिरवला, हसत होते की रडत होते कुणास ठाऊक. तिची पावलं गरम होती. तिनं माझे हात हळूच सोडवले आणि भिंतीला न धरता, सावकाश, एकेक पाऊल मजेत टाकत बाहेर गेली.

स्वयंपाकखोलीत गॅस पेटल्याचा आवाज आला. चहाचा वास आला.

माया चहा पीत नाही. लहानपणापासून नाही.

मी पलंगाकडे वळले. पलंग रिकामा होता. रनर मात्र सपाट नव्हता. त्याच्याखाली दोन पावलं उभी होती.

मी झटकन तो उचलला. खाली गादी होती, फक्त गादी. परत टाकला, पावलं परत वर आली.

कोपरा अजून उघडा होता. मी बोट आत घातलं.

आतून कुणीतरी ते धरलं. अख्ख्या मुठीत, घट्ट. पाळण्यात असताना माझी माया धरायची, तसं.

"ज्योत्स्ने," स्वयंपाकखोलीतून माझ्या मुलीच्या आवाजात हाक आली, "तो कोपरा शिवून टाक वं आता. पोरीले थंडी वाजून राहिली असन."