उपाशी कौदी

वेदश्री, तो मोबाइल पालथा ठेव आधी. आणि जिन्यातला दिवा चालूच राहू द्या. मला नको आहे, तुम्हालाच लागेल.

भुताची गोष्ट म्हटली की तुम्हा पोरांना अमावस्या हवी आणि गावाबाहेरचा वड हवा. इथं तसलं काही नाही. रात्र होती दत्तजयंतीची, चौदा डिसेंबर दोन हजार चोवीस, शनिवार. टिपूर चांदणं पडलेलं. घर धारवाडचं, माळमड्डीतलं, दारात स्कूटर आणि गच्चीवर सोलर असलेलं. माणसंही आपल्यातलीच. गुरुराज वकील, ज्यांच्याकडं मी सगळी कारकुनी काढली, आणि त्यांच्या घरच्या अंबूताई. खोटं वाटलं तर उद्या वकिलांना जाऊन विचारा. अंबूताईंना मात्र विचारू नका.

तर त्या दिवशी दिवेलागणीला दत्तजन्म झाला, शेजारीपाजारी सुंठवडा वाटून झाला आणि अंबूताई कौदी आणायला निघाल्या. तिकडं पुण्याकडची माणसं गोधडी म्हणतात, आपण कौदी. स्टेशनमागच्या गल्लीत चंद्रभागा राहते, मूळची अळणावरकडच्या खेड्यातली. तिच्यासारखी कौदी शिवणारी आता धारवाडात शोधूनही सापडायची नाही. अंबूताईंनी तिला महिन्याआधी जुन्या कपड्यांचं गाठोडं दिलं होतं. स्वतःचं वांगी रंगाचं इरकल लुगडं, वकिलांचा विटलेला काळा कोट आणि लेकाची, म्हणजे वरदची, शाळेतली खाकी चड्डी.

चंद्रभागेनं कौदी मांडीवर पसरून दाखवली. लाल दोऱ्याचे बारीक टाके, एकही वाकडा नाही.

"अक्का, तीन कोपरे मिटवलेत. चौथा उघडा ठेवलाय बघा. तुमच्या घरचा घास घाला त्यात, चिमूटभर काहीपण, आणि मग टाका घाला. कौदी उपाशी ठेवू नये."

"ठेवली तर काय करते गं?" अंबूताईंनी हसत विचारलं.

"अंगावरच्या माणसाला उठू देत नाही, असं आमची आज्जी म्हणायची." चंद्रभागा हसली नाही. "कोपरा मिटेपर्यंत कुणाच्या अंगावर घालू नका, एवढंच."

अंबूताईंनी मान डोलावली. पण दिवे लागल्यावर सुई हातात धरायची नाही, हा त्यांच्या सासरचा नेम. कोपरा सकाळी शिवू म्हणून त्यांनी कौदी घरी आणली आणि वरच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवली.

कौदी होती मुकुलसाठी. आता मुकुल कोण, ते सांगतो.

वरद पायलट. मुकुल त्याच्याच बरोबर शिकलेला, त्याच कंपनीतला. या लोकांचं विमान रात्री हुबळीला उतरतं आणि सकाळी परत उडतं. मधल्या रात्रीपुरतं कंपनी हॉटेल देते. पण गोकुळ रोडच्या विमानतळापासून पाऊण तासावर आईच्या हातची भाकरी असताना हॉटेलात कोण झोपतो? वरद चाकांची बॅग ओढत सरळ घरी यायचा. मुकुलला मात्र कुठल्याच गावात घर नव्हतं. आईबाप लहानपणीच गेलेले, शाळा वसतिगृहात झाली आणि नोकरी लागल्यावर रात्री हॉटेलांत. एकदा वरदनं त्याला ओढून घरी आणला, आणि मग तो आपला आपणच यायला लागला, वरद बरोबर नसला तरी. अंबूताईंना आई म्हणायचा. हॉटेलच्या खोलीत शिवणाची एक इवलीशी पुडी ठेवतात ना, सुई आणि थोडा पांढरा दोरा, ती त्याच्या खिशात कायम. एकदा वकिलांच्या कोटाचं तुटलेलं बटण त्यानं त्या पांढऱ्या दोऱ्यानं शिवून दिलं आणि शेवटी एक बारीक फुली घातली. काळ्या कोटावर पांढरी फुली. मी म्हटलं, साहेब, कोर्टात हसतील. ते म्हणाले, हसू देत, पोरानं शिवलंय.

"आई, हॉटेलच्या त्या पांढऱ्या चादरीत झोपच लागत नाही हो," असं तो मागच्या खेपेला सहज बोलून गेला होता. तेवढ्यावर अंबूताईंनी गाठोडं सोडलं.

आणि त्या घरात एक कायदा होता. पायलट झोपला की त्याला उठवायचं नाही. वरदनंच तो घालून दिलेला. अर्धवट झोपेतला माणूस दीडशे जीव घेऊन उडणार, म्हणजे काय खेळ आहे? पोरं वर झोपली की खाली दाराच्या घंटीवर फडकं, कुकर बंद, आणि वकील खोकायचे तेही उशीत तोंड घालून. आपापल्या मोबाइलच्या गजरावर पोरं उठायची आणि चहा पिऊन जायची.

त्या रात्री अकराच्या सुमाराला वकील झोपले होते. कानातलं यंत्र काढलं की कानाला तोंड लावून बोललं तरच त्यांना कळायचं. अंबूताई दुधाला विरजण लावत होत्या. दारावर टकटक झाली, अगदी हलकी.

दार उघडलं तर मुकुल. अंगावर गणवेश, चेहरा ओढलेला.

"अरे, कळवायचं तरी. टॅक्सीचा आवाजही आला नाही मला."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, बॅगेचाही आला नव्हता. त्या बॅगेची चाकं गल्लीत अशी खडखडायची की सगळी कुत्री उठून भुंकायची. आज कुत्री पायरीशी पडून होती. जागी होती, पण गप्प.

"बॅग कुठाय रे?"

"तिकडंच राहिली."

"हात धू. भाकरी आहे, झुणका टाकते पटकन."

"नको आई. झोप आलीये. फार झोप आलीये."

त्यांनी त्याच्या हातावर चमचाभर सुंठवडा ठेवला. प्रसादाला नाही म्हणू नये. त्याचा तळवा माठाच्या बुडासारखा गार लागला. त्यानं मूठ मिटली. खाल्ला नाही. चार पायऱ्या चढून तो थांबला.

"आई, मला चारला उठवाल?"

"तुझा गजर असतो की."

"गजरानं नाही होणार. तुम्ही हाक मारून उठवा. मोठ्यानं." त्यानं मिटलेली मूठ छातीशी धरली. "नाहीतर मला जाग यायची नाही..."

आजवर त्यानं असं कधी सांगितलं नव्हतं.

"उठवते रे बाळा. जा, झोप."

त्यांनी दाराला कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली. मग वकिलांच्या कानाला तोंड लावून म्हणाल्या, मुकुल आलाय, चारला उठवायचंय. वकील झोपेतच पुटपुटले, "पायलटला उठवत नाहीत. झोपू दे पोराला." आणि कूस बदलली. लक्षात ठेवा, वकिलांनी फक्त अंबूताईंचा आवाज ऐकला. मुकुलला त्यांनी पाहिलं नाही.

अंबूताई काही झोपल्या नाहीत. चार वाजले, तशा उठल्या.

जिन्यात पाय ठेवला. वरून गार झुळूक आली... खिडक्या तर बंद होत्या.

खोलीत चांदणं होतं. मुकुल उताणा झोपलेला. बूट पायातच. एक हात छातीवर, त्याची मूठ अजून मिटलेली.

"मुकुल."

हलकेच म्हणाल्या. सवयच ती.

"मुकुल, चार वाजले रे..."

काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही. त्यांनी कपाळाला हात लावला. गार. पोर गारठलंय, त्यांना वाटलं. डिसेंबरची थंडी. पायथ्याशी कौदी होती. चंद्रभागेचं बोलणं आठवलं. कोपरा उघडा आहे... हात क्षणभर थांबला.

पण पोर गारठलं होतं.

त्यांनी कौदी उलगडली. गळ्यापर्यंत पांघरली. आणि त्याचा चेहरा निवला. खरंच निवला. दिवसभर उन्हात खेळून आलेलं लेकरू झोपतं ना, तसा. इतकी गाढ झोप त्यांनी कुणाच्या तोंडावर पाहिली नव्हती. आता मोठ्यानं हाक मारायची कशी? जीवच होईना त्यांचा. दहा मिनिटं झोपू दे. मग उठवते.

त्या जिन्यात येऊन बसल्या.

आणि वर फोन वाजला.

मोबाइल नव्हे. तारेचा. ट्रिंग ट्रिंग... ट्रिंग ट्रिंग... त्या घरात तसला फोन नव्हता. कित्येक वर्षांत नव्हता.

त्यांना उठायचं होतं. पाय उठेनात.

फोन वाजत राहिला.

कुणी उचलेना.

मग थांबला.

...

किती वेळ गेला, त्यांना सांगता येत नाही. पायात बळ आलं तशा त्या धावत वर गेल्या. पलंग रिकामा होता. चादरीला एक सुरकुती नाही. मुकुल नाही. कौदी नाही. पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. खाली आल्या. कडी घातलेली, कुलूप जागच्या जागी, किल्ली त्यांच्या कमरेला.

उजाडल्यावर वरदचा फोन आला, बेंगळूरहून.

"आई, बस आधी. मुकुलचं... मुकुल राहिला नाही गं."

"काहीतरीच काय? रात्री इथं होता तो. अकराला आला, वर झोपला."

"आई," वरद म्हणाला, "तो कालपासून कोलकात्यात होता. हॉटेलवर."

त्या दिवसापासून आजपर्यंत अंबूताई रोज चारला उठतात, जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहतात आणि मोठ्यानं हाक मारतात. शेजारच्यांना ऐकू जाते. म्हणून मघाशी म्हटलं, त्यांना विचारू नका.

मुकुलला पुढं-मागं कुणी नव्हतं. वरदनंच कोलकात्याला जाऊन सगळं केलं आणि पाचव्या दिवशी घरी आला. अंबूताईंच्या समोर बसून सांगू लागला. मुकुलनं रात्री रिसेप्शनवर सांगून ठेवलं होतं, चारला उठवा. त्यांनी फोन लावला, बराच वेळ वाजवला. उचलला नाही. दार ठोठावावं की नाही, असा तिथल्या माणसाला प्रश्न पडला. पायलट आहे, दमला असेल, झोपू दे थोडं, असं वाटलं त्याला. सहाला गाडी आली तेव्हा दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, पण चारच्या पुढं कधीतरी. तोवर जीव होता.

अंबूताई म्हणाल्या, "मोठ्यानं हाक मारा म्हणाला होता रे. मी हळूच मारली."

वरदनं आईचा हात धरला. वकील खिडकीबाहेर बघत होते.

थोड्या वेळानं वरदनं बॅगेतून प्लॅस्टिकची मोठी पिशवी काढली.

"हे त्याच्या अंगावर होतं. हॉटेलवाले म्हणाले, आमचं नाही. त्याच्या बॅगेत मावलंही नसतं. मला काही कळत नाही, आई. यात माझ्या चड्डीचा तुकडा कसा?"

वरदनं ती कौदी त्याआधी कधी पाहिली नव्हती. कशी पाहील? अंबूताईंनी ती आणली दत्तजयंतीच्याच संध्याकाळी.

त्यांनी पिशवीतून कौदी ओढून घेतली. वांगी लुगडं. काळा कोट. बोटांनी कोपरे चाचपू लागल्या. पहिला, लाल दोरा. दुसरा, लाल. तिसरा, लाल.

चौथा...

चौथाही शिवलेला होता.

पांढऱ्या दोऱ्यानं. शेवटी एक बारीक फुली.

अंबूताईंनी तो कोपरा बोटांनी दाबला. आत चिमूटभर काहीतरी करकरलं. मग त्यांनी तो नाकाशी नेला.

सुंठेचा वास येत होता.