न वाजणारा डबा

“ओळखा पोरींनो! नाई तं हरलो म्हना!”

दाराआडून येणारा देवकाकाकूंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वर्ध्याकडच्या आर्वीत, आमच्या गल्लीत, भुलाबाई बसायची, म्हणजे मातीच्या शंकर-पार्वतीची जोडी. आम्ही पोरी घरोघरी गाणी म्हणत फिरायचो, आणि गाणी संपली की त्या घरची बाई खिरापतीचा बंद डबा दाराआड खुळखुळवायची. आत काय आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायचं. ओळखलं तर लगेच प्रसाद. नाही ओळखलं, तर सगळ्यांनी मिळून ‘हरलो’ म्हणायचं, मगच झाकण उघडणार.

बाकीच्या पोरी चटकन हरायच्या. मी नाही. “मोतीलाल किरानावाल्याची पोर हाय ते,” देवकाकाकू म्हणायच्या, “दान्यादान्याचा आवाज ओळखते.”

‘हरले’ हा शब्द माझ्या तोंडून कधी निघालाच नाही.

पुढे मी शिकले, पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीत लागले, आणि २००३ च्या पावसाळ्याअखेर कंपनीनं मला तीन आठवड्यांसाठी ओस्लोला धाडलं. नॉर्वेची राजधानी. राहायला एक उंचच उंच काचेचं हॉटेल. खिडकीबाहेर समुद्राची निळी जीभ शहरात शिरलेली, आणि खिडकी मात्र उघडत नाही. लिफ्टसुद्धा कार्ड दाखवल्याशिवाय हलत नाही. आणि माझं कार्ड... खोलीतच राहिलेलं.

तशी मी लिफ्टमध्ये बावळटासारखी उभी होते. एक नॉर्वेजियन आजीबाई शांतपणे शेजारी. इतक्यात तो आत आला. ओला कोट, थंडीनं लाल झालेलं नाक, आणि काखेत स्टीलचा डबा. त्यानं कार्ड लावलं. लिफ्टनं हिसका दिला, आणि डबा वाजला...

खुळ्ळ... खट्.

“शंकरपाळे!” मी बोलून गेले.

तो गर्रकन वळला. डोळे एवढे मोठे. मग त्या डोळ्यांत हळूहळू हसू उतरलं.

“गोड का खारे?”

“हलवा जरा.”

त्यानं डबा माझ्या कानाशी हलवला. आजीबाई कोपऱ्यात सरकल्या.

“खारे. आणि थोडे जास्तच तळलेले.”

“आईले नका सांगू बरं हे! नाचणगावहून पाठवले तिनं. तुमी कुठच्या?”

“आर्वीची.”

“आर्वी! आमच्या बाजूचंच!” तो इतक्या जोरात ओरडला की आजीबाई पुढच्याच मजल्यावर उतरून गेल्या.

तो योगेंद्र भोयर. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यातून भट्टीचं काम शिकायला आलेला. मी माझ्या मजल्यावर उतरताना त्यानं अख्खा डबाच माझ्या हातात ठेवला. “खा. डबा तेवढा परत द्याल. आईचा हाय.” झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं— सौ. अनुसया.

शंकरपाळे दोन दिवसांत संपले. पण रिकामा डबा परत कसा द्यायचा? आपल्याकडे देतं का कुणी? चूल नाही, कढई नाही, तरी मी भरला. चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्यांनी. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मोठ्या काचेशी तो बसला होता. मी डबा हलवला.

“पोहे?” तो म्हणाला. “मुरमुरे? अवो, काई तं इशारा द्या!”

“हरलो म्हना आधी.”

“हरलो बाई, हरलो!”

दुसऱ्या दिवशी डबा माझ्याकडे आला, बागेतल्या चेस्टनटच्या तपकिरी बिया घेऊन. मग तो त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एकदा त्यानं नाश्त्याच्या टेबलावरची तांबूस वडी भरून आणली. मी तुकडा मोडला, खाल्ला, आणि थांबले.

“योगेंद्र... हा खवा नाही. चीज आहे.”

“तरीच! एवढा खवा सकाई सकाई कोन देते, मले वाटलंच.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. पुण्यात घासूनपुसून ठेवलेली माझी भाषाही त्याच्यासमोर हळूच माहेरी पळायची. एका संध्याकाळी बाहेर रिमझिम होती. त्यानं काचेवर श्वास सोडला आणि धुक्यावर बोटानं रेघ ओढली. “हे पुलगाव, आमच्या नाचणगावच्या बाजूचं. इथून छोटी रेल्वे निघे. डुलत डुलत... हे रोहना... आन् हे—” माझं बोट काचेवरच होतं. त्याचं बोट तिथवर आलं आणि टेकलं. “हे आर्वी,” तो हळूच म्हणाला. गाडी बराच वेळ हलली नाही.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. यवतमाळचं स्थळ, कापडाचं मोठं दुकान. कोजागिरीला पाहुणे येतील, तू आलीस की हो-नाही सांग.

मी योगेंद्रला सगळं सांगितलं. सांगताना त्याच्याकडेच बघत होते.

तो बाहेर दिव्यांची बोट बघत राहिला. “चांगलं हाय. दुकानवाल्याची पोरगी, दुकानवाल्याच्या घरी.”

“आणि तुला काय वाटते?”

“मले काय वाटाचं? आमी वावरवाले मानसं.”

इतका राग आला! कुणाचा, ते कळेना.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं डबा पुढं केला. “ओळख.”

मी हलवला. काहीच नाही. उलटा केला. काहीच नाही.

“कापूस?”

“सरकी वाजली असती.”

“रुमाल? चिठ्ठी?”

“चिठ्ठी सरकते. मलेबी कान आले आता. हरली म्हन.”

“मी हरत नाही.”

“मंग ठेव तुह्यापाशी. बंद.”

सकाळी माझी बॅग उचलून तो लिफ्टमध्ये आला. डबा मी छातीशी धरलेला. लिफ्टची भिंत काचेची, बाहेरचं सगळं दिसणारी. छपरं, ट्रामच्या तारा, ओले रस्ते, सगळं शहर भराभर वर येत होतं. खाली टॅक्सी उभी होती. तिच्यापुढे विमान, आणि विमानापुढे बाबा, माझ्या उत्तराची वाट बघत. तो उतरत्या आकड्यांकडे बघत होता. डबा गप्प. आणि मी...

“हरले.”

“काय?”

“ऐकू आलं तुला. हरले! उघड आता.”

त्यानं झाकण काढलं. आत काहीही नव्हतं. घासूनपुसून लख्ख केलेला तळ, आणि त्यात आमची दोघांची वाकडीतिकडी तोंडं.

“रिकामा? रिकामा डबा कोनी देते का रे?”

“नाई देत. तुले तो भरून न्या लागन. नाचणगावले, आईपाशी. म्या फोनवर सांगून ठेवलं तिले... एक पोरगी येईन म्हून.”

“एवढंच ना?” मी काही त्याला सुटू देणार नव्हते. “एसटीच्या पार्सलनं धाडून देईन.”

लिफ्ट खाली टेकली. दार उघडलं. टॅक्सीवाल्यानं बॅगेसाठी हात पुढे केला. योगेंद्रनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खिशातून कार्ड काढलं आणि सगळ्यात वरचं बटण दाबलं. दार मिटलं.

“हर्षा, त्या यवतमाळवाल्याले हो म्हनू नको.”

“काऊन?”

मजल्यांचे आकडे चढत होते. त्याचं नाक लाल झालं होतं. आत तर थंडीही नव्हती.

“काऊन म्हनजे... मले तू पायजे. शंकरपाळे म्हनली ना तू, तवापासून. रोज तोंडाशी येऊन राह्यलं होतं. पन तू नाई म्हनली असती, तं ह्या डब्याचं येनं-जानंच बंद झालं असतं... म्हून नाई बोललो.”

शहर पुन्हा खाली खाली जात होतं. टॅक्सी केवढीशी दिसत होती. थांबेल बिचारी.

मी त्याच्या हातातलं झाकण घेतलं, डब्यावर घट्ट बसवलं.

“गोड का खारे?”

“आं?”

“तुह्या आईले काय आवडते, ते सांग. बाबांले नाई म्हनून सांगीन आन् कढई ठेवीन.”