तिसऱ्या दगडापुढची जोडी

मी कराडच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. कुणी भुताखेताची गोष्ट काढली की मी चहा संपवून उठते. त्यामुळे यातलं जेवढं डोळ्यांनी पाहिलं आणि हातांनी चाचपलं, तेवढंच सांगणार आहे. बाकीचं मला ठाऊक नाही.

साल १९७३. आमची वाडी कडेगावपासून पाच किलोमीटरवर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. माझे वडील जोतीराम आदल्या दिवाळीत पलटणीतून पेन्शन घेऊन आले. मी तेव्हा आठ वर्षांची. तोवर माझ्यापुरते आबा म्हणजे महिन्याला येणारं एक निळं अंतर्देशीय. युद्धात ते लंगरावर होते, स्वयंपाकाला. वाडीला तेवढं पुरलं. पारावर टेकले की कुणीतरी विचारायचंच, "जोतीराम, लढाईत किती रोट्या मारल्यास रं?" आबा चारचौघांत हसायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत.

सव्वीस जानेवारीला तरुण मंडळानं जोडीची शर्यत ठेवली. बाप आणि लेकरू, हातात हात धरून, वाडीच्या चावडीपासून कडेगावच्या शाळेपर्यंत. पहिल्या जोडीला पितळेची घागर. लेकराला वाटेत टाकून कुणी पुढं पळू नये म्हणून मंडळानं डोकं चालवलं होतं. प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशी एक माणूस घमेल्यात काव कालवून बसणार. लेकरानं त्या तांबड्या पाण्यात पंजा बुडवायचा आणि चुना दिलेल्या दगडावर ठसा मारायचा.

"बघतोच आता, कोण हसतंय ते," आबा म्हणाले.

महिनाभर आम्ही रोज सकाळी पळालो. आबा उंच, मी बुटकी. माझा हात धरायला त्यांना एका अंगाला वाकावं लागायचं. तसे वाकडे पळणारे आबा बघून बायका पदर तोंडाला लावायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. बाप काय असतो ते मला त्या महिन्यात कळलं. इतक्या सुखात मी पुन्हा कधी नव्हते.

"आबा, मी दमले तर?"

"दमलीस तर थांबू. हरणा, माझ्या हातातनं तुझा हात सुटायचा न्हाई. आण घेतो."

शर्यतीला सोळा जोड्या होत्या. मी पिवळा फ्रॉक घातला होता. पहिले तीन दगड झाले, तिन्हींवर मी पंजा मारला. माझ्या उजव्या करंगळीचं टोक लहानपणी विळ्यानं गेलंय, त्यामुळे माझा ठसा शंभरांत ओळखू यावा. आमच्या पुढं फक्त आकाराम आणि त्याचा पोरगा होता.

तिसऱ्या दगडानंतर एक मोरी लागते. तिथं माझ्या बरगडीखाली कळ आली. श्वास आत जाईना. मी मोरीच्या कठड्यावर बसले.

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या रस्त्याकडे बघितलं. रस्त्याकडे जास्त वेळ बघितलं.

"हितंच बस. आलोच," म्हणाले, आणि हात सोडला.

मी हाका मारल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. आण घेतलेल्या माणसानं केसानं गळा कापला, हे कळायला आठ वर्षांचं वय पुरेसं असतं.

वळण तिथून दोनशे पावलांवर होतं. वळणाशी पोचताना आबा एका अंगाला वाकले. त्यांच्या शेजारी पिवळा फ्रॉक पळत होता.

ऊन डोळ्यांवर आलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मागच्या जोड्या माझ्या अंगावरून गेल्या. मोरीवर एकटी पोर बसलेली दिसूनही कुणी विचारलं नाही.

कळ थांबल्यावर मी चालत चौथ्या दगडापाशी गेले. मंडळाचा अर्जुना तिथं घमेलं धूत होता.

"अगं, तू परत कशाला आलीस?"

दगडावर पंजेच पंजे होते. त्यात एका पंजाची करंगळी तोकडी होती. मी त्यावर माझा हात ठेवला. तंतोतंत बसला. माझ्या तळव्यावरची काव केव्हाच वाळली होती. दगडावरची ओली होती, ती माझ्या हाताला लागली.

"अर्जुनाकाका, ह्यो कुणी मारला?"

"कुणी म्हंजे? तूच की. लय हसत हुतीस."

मी त्या दिवशी एकदाही हसले नव्हते.

मी कडेगावला गेले नाही. उलट्या पावली घरी आले. घराला कडी होती, आई शर्यत बघायला गेलेली. दुपारी हलगी वाजत आली. बैलगाडीत आबा, मांडीवर पितळेची घागर. शेजारी आई. गाडीच्या मागं अर्धी वाडी. उंबऱ्यावर बसलेल्या मला बघून आई म्हणाली, "उतरून पुढं पळालीस व्हय? एवढं पळून पाय दुखंना झालं का तुझं?"

मी गाडीत नव्हतेच, हे मी तिला सांगितलं. तिनं माझी दृष्ट काढली.

संध्याकाळी आबा गोठ्यात एकटे सापडले.

"आबा, तुमी माझा हात सोडला."

"न्हाई बाळ."

"सोडला. मोरीवर. एकदा म्हणा की सोडला. मग मी कुणाला सांगायची न्हाई."

मला घागर नको होती, काही नको होतं. ते एक वाक्य हवं होतं. आबांनी वैरण खाली ठेवली. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मी पुढं वर्गात हजार वेळा पाहिला. तो तसा नव्हता.

"शेवटपतूर धरला हुता. तुझा हात लय गार पडला हुता, तरीबी सोडला न्हाई."

त्यानंतर पारावर रोट्यांचा विषय निघाला नाही. आबा दोन्ही वेळा पोटभर जेवू लागले. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची.

पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत ठरली. मी पळणार नाही, असं आठ दिवस आधी सांगून टाकलं. माझा हिशोब सरळ होता. पोरीवाचून जोडी होत नाही. आबांना माझ्या अंथरुणाशी यावंच लागणार. चूक झाली म्हणावं लागणार. मी लगेच उठणार होते. फ्रॉक उशाशी घेऊनच झोपले होते.

सव्वीस जानेवारीची सकाळ. मी वाकळ डोक्यावरून घेऊन जागी. आबांनी अंघोळ केली. चूल पेटली. आबांची पावलं माझ्यापाशी आली.

थांबली नाहीत.

अंगणातून त्यांचा आवाज आला. हळू, मागच्या वर्षी माझ्याशी बोलायचे तसा.

"दमलीस तर सांग हां. थांबू."

मग पावलं. मोठी दोन. त्यांच्या जोडीनं लहान दोन.

"आवं," आई दारातून म्हणाली, "तिला लय पळवू नगासा."

मी वाकळ फेकून उठून बसले. आई आत आली. तिनं दाराला आतून कडी घातली, माझ्याजवळ बसली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते.

"गप पड," ती म्हणाली. "ती घरी येईपतूर भाईर कुणाला दिसू नगंस."

आणि तिनं वाकळ माझ्या तोंडावर ओढली.