तिसऱ्या घंटेचा टेकू

नेस्टा प्यूचं पत्र वसंत ऋतूपासून सिरिल पॉटिंजरांच्या टेबलावर पडून होतं.

'मनोऱ्यात घंटा वाजवायला शिकायला या,' असं तिने लिहिलं होतं. 'आता संगणकावर शिकवतात. घंटेचा लोलक बांधून ठेवतात. दोर ओढला की वर घंटा खरीच फिरते, पण आवाज येतो संगणकातून, खोलीतल्या खोलीत. गावाला आपली चूक ऐकूच जात नाही. तुमच्यासारख्या लाजऱ्या माणसाची सोयच झाली!'

आयुष्य ग्रंथालयात काढलेल्या पॉटिंजरांनी उत्तर कितीदा तरी लिहिलं आणि फाडलं. आपल्याला काय जमणार?

आणि आज शनिवारी सकाळी तीच नेस्टा टपालखात्याच्या लाल जाकिटात त्यांच्या दारात उभी होती, रडवेली होऊन. ती आली होती फेनबाईंसाठी. खाजगी गुप्तहेर ऑड्री फेन त्यांच्याकडे नाश्त्याला आल्या होत्या.

"बाई, दुपारी घंटावादनाची स्पर्धा आहे आणि मला काढून टाकलंय! म्हणे मी काल रात्री चोरून सराव केला आणि तिसऱ्या घंटेचा टेकू मोडला."

"टेकू म्हणजे?" पॉटिंजरांनी विचारलं.

"घंटा फिरवण्याआधी तोंड वर करून उलटी उभी करतात ना, तेव्हा तिला अडवून धरणारा लाकडी दांडा. नवशिक्याने दोर जोरात ओढला की तोच मोडतो. मग घंटा पलीकडे कोसळते आणि झुलत झुलत तोंड खाली करून थांबते. पण मी गेलेच नव्हते हो!"

"घंटा उलटी उभी कोण करतं? तू?" फेनबाईंनी विचारलं.

"छे! चढवणं-उतरवणं मला अजून शिकवलेलंच नाही. कालच्या शिकवणीसाठी आमच्या प्रमुख रोझलिंडबाईंनी तिसरी आणि चौथी चढवली. जाताना तशाच ठेवल्या."

फेनबाईंनी टोस्ट अर्धवट टाकला. "उठा पॉटिंजर. दुपारपर्यंतच वेळ आहे."

दोघं नेस्टासोबत मनोऱ्याच्या खोलीत पोहोचले, तेव्हा म्हातारा अँब्रोज टक बाकावर बसला होता, एक पाय प्लास्टरमध्ये. तिसरी घंटा आजवर त्याची होती. पाय मोडला म्हणून ती नेस्टाला मिळाली.

"राग येतो?" फेनबाईंनी सरळच विचारलं.

"येणारच की! संगणकावर शिकलेली पोर माझ्या दोराला हात लावणार! पण एका पायावर उभा राहून मी घंटा ओढू शकेन का? आणि वरची शिडी बघा, मांजरसुद्धा विचार करून चढेल."

भिंतीवर मोडके टेकू टांगले होते, प्रत्येकाखाली नाव. "इथे प्रत्येकाने एकदा तरी मोडलाय," अँब्रोज अभिमानाने म्हणाला. एक खिळा मात्र रिकामा होता. खाली फिकट पट्टा उमटला होता.

वादकांची प्रमुख रोझलिंड हेल संगणकाशी उभी होती. पडदा बंद होता.

"हा प्रत्येकाच्या वादनाला गुण देतो ना? गेल्या आठवड्याचे दाखवा," फेनबाई म्हणाल्या.

"त्याचा इथे काय संबंध?"

"नेस्टा पहिली आली होती," अँब्रोज हसत ओरडला. "आपल्या बाईंच्याही वर! बाईंनी फटकन पडदा बंद केला!"

रोझलिंड लाल झाली. "काल रात्री मी घरी होते. किल्ली फक्त माझ्याकडे, अँब्रोजकडे आणि नेस्टाकडे आहे. वर जाऊन बघा हवं तर. निर्धास्त चढा, सगळ्या घंटांची तोंडं खाली आहेत."

पॉटिंजर धापा टाकत चढले. तिसरी आणि चौथी शेजारी शेजारी शांत लोंबत होत्या, तोंडं खाली, लोलक अजून बांधलेले. चौथीचा टेकू धडधाकट होता. तिसरीचा मोडका होता. फेनबाईंनी मोडलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि पॉटिंजरांना दाखवलं. बोट धुळीने काळं झालं होतं.

"काही कळलं?"

"घंटा साफ करायला हव्यात?"

"पॉटिंजर, तुम्ही कमाल आहात!" त्या खळखळून हसल्या आणि भराभर खाली उतरल्या.

"लाकूड काल मोडलं असतं," खोलीत येताच त्या म्हणाल्या, "तर मोडलेली जागा पांढरी, ताजी असती. तिथे धूळ आहे. म्हणजे चांगला टेकू काढून या रिकाम्या खिळ्यावरचा जुना मोडका तिथे बसवलाय."

"ते नेस्टालाही जमलं असतं," रोझलिंड म्हणाली.

"मग चौथी कोणी उतरवली?"

फेनबाईंनी छताकडे बोट दाखवलं.

"तिसरी टेकू मोडून खाली आली, असं समजू. पण चौथीचा टेकू शाबूत आहे. ती कोणीतरी दोर धरून सावकाश उतरवली. का? कारण टेकू बदलायला वर जावं लागतं, आणि उलट्या उभ्या घंटेशेजारी तुम्ही लोक पाऊल टाकत नाही. धक्का लागला तर जीव जातो. लोलक बांधलेले, संगणक बंद. गावाला काही ऐकू आलं नाही. नेस्टाला उतरवता येत नाही. अँब्रोजला उभं राहता येत नाही. बाई, तुम्ही स्वतःच्याच शिस्तीत सापडलात."

रोझलिंड बाकावर बसली. "पंचवीस वर्षं शिकवतेय मी," ती पुटपुटली. "आणि त्या पडद्यावर माझ्या नावाच्या वर हिचं नाव."

"टेकू कुठंय?"

"माझ्या गाडीत."

नेस्टाने डोळे पुसले. "तो घेऊन या आणि बसवा. आणि चौथीच्या दोराशी तुम्हीच उभ्या राहा. तुम्ही नसाल तर माझा ताल कोण धरणार? भांडण सोमवारी करू."

"वा रे पोरी!" अँब्रोजने कुबडी आपटली. "कोपर मात्र आत ठेव, माझ्या घंटेला झटके आवडत नाहीत!"

दुपारी लोलक सुटले. सहाही घंटा गावावर घुमल्या. पॉटिंजर कुंपणाशी उभे होते, आणि तिसऱ्या घंटेच्या प्रत्येक ठोक्याला त्यांची बोटं आपोआप मिटत होती. मध्येच एक ठोका किंचित उशिरा पडला. साऱ्या गावाने तो ऐकला. आणि पुढचा नेमका जागेवर आला!

ते जवळजवळ धावतच घरी गेले. या वेळी मसुदा केला नाही.

'प्रिय नेस्टा, शुक्रवारी येतो. लोलक बांधलेला नसला तरी चालेल.'

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी पाकीट टाकलं. सोमवारी सकाळी नेस्टा स्वतःच ते तिथून काढणार होती.