मागच्या भिंतीतली वाट

लतिकाचं काम तसं किरकोळ होतं. बोळिंजहून बस पकडायची, आगाशीला उतरायचं, रीमाच्या घरी जाऊन मागच्या भिंतीची मापं घ्यायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. वारसा संवर्धनाच्या एम.ए.चं शेवटचं सत्र चालू होतं. केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधली चुन्याची जुनी घरं हा प्रबंधाचा विषय, आणि प्रबंध दोघींचा मिळून. त्या दोघींतली एक आता नव्हती. गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, नावं दोघींचीच राहू देत, पण नकाशे तेवढे पूर्ण कर. सगळ्या नकाशांत रीमाच्या स्वतःच्या घराची मागची भिंत अर्धवट राहिली होती, कारण ती काढता काढताच तिला ताप भरला होता.

तो ताप काही उतरला नाही. हातीपायी धड असलेली, दिवसभर शिडीवर चढून विटा मोजणारी मुलगी आठवडाभरात गेली. लतिका तेव्हा विद्यापीठाच्या अभ्यासदौऱ्यावर पैठणला होती. तिला फोन आला तोवर इकडे सगळं उरकलं होतं. माणूस डोळ्यांदेखत गेलं की मन रडून का होईना, मान्य करतं. लतिकाचं मन अजून मान्य करत नव्हतं. महिना उलटून गेला तरी सकाळी उठल्याबरोबर ती फोनवर रीमाचा मेसेज शोधायची, आणि मग आठवलं की उशीत तोंड खुपसून पडून राहायची.

विद्यापीठात त्यांच्याच मजल्यावर बिझनेसचे आणि ग्लोबल स्टडीजचे वर्ग भरायचे. ती मुलं इस्त्रीचे शर्ट घालून मुलाखतींना निघायची, आणि या दोघी नखांत चुना घेऊन कँटीनमध्ये वडापाव खायच्या. लतिकाचा भाऊ हितेश त्यातलाच, एम.बी.ए.वाला. तो म्हणायचा, आम्ही कंपन्या उभ्या करणार आणि तुम्ही दोघी पडक्या भिंतींना टेकू लावत बसणार. रीमा त्यावर एवढंच म्हणायची, तुझी कंपनी बुडाली की राहायला ये, भिंत उभी असेल.

रीमाचं घर मात्र पडकं बिडकं मुळीच नव्हतं. कौलारू, आटोपशीर, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि मागच्या भिंतीपलीकडे थेट केळीची वाडी. रीमाची आई कमळी दारातच उभी होती. बाई वाळून निम्मी झाली होती. काका कुठे आहेत, म्हणून लतिकानं विचारलं तर रीमाचे वडील हरेश्वरकाका अर्नाळ्याला नात्यात गेले होते, दिवेलागणीला परतणार होते. कमळीमावशींनी चहा दिला आणि लतिका चहा पिईस्तोवर त्या तिच्या हातांकडेच बघत राहिल्या.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि लतिका थबकली. मागच्या पांढऱ्या भिंतीच्या मधोमध सिमेंटचं करडं ठिगळ होतं. माणूस वाकून जाईल एवढं उंच, खांद्याएवढं रुंद. घाईघाईनं थापलेलं, थापीचे फटकारे तसेच राहिलेले.

नवं शिक्षण घेतलेल्या माणसाला एक खोड असते. आपल्याला कळलेली गोष्ट जगाला कळलेली नाही, हे त्याला सहन होत नाही. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की भिंतीचा श्वास कोंडतो, ओल आतच राहते आणि शेजारच्या जुन्या विटांचा भुगा होतो, हे या दोघींना पहिल्याच सत्रात शिकवलेलं. रीमा तर यावरून अख्ख्या आळीशी भांडलेली. आणि तिच्याच घरात, ती गेल्यावर हे! लतिकाचे डोळे भरून आले. हे कुणी केलं आणि का, हे विचारायच्या आधी ती म्हणून गेली, की मावशी, भिंत मरेल हो अशानं.

"मग काढून टाक ना, बाय," कमळीमावशी म्हणाल्या. "तुमचं ते चुन्याचं कर. रीमाचा चुना हाये अजून पिंपात. मी रोज पानी घालते त्यात."

छिन्नी आणि हातोडा भिंतीशी आधीच काढून ठेवलेले होते. लतिकानं ते पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुःखात माणसाला हाताला काम मिळालं की तो फार चौकशा करत नाही. रीमासाठी करता येण्यासारखं एवढं एक काम समोर होतं आणि तिनं ओढणी कमरेला खोचली.

काम अवघड गेलं नाही. एका विटेच्या जाडीचं ते बांधकाम, सिमेंटही कच्चं. वीट सुटत गेली, मावशी एकेक वीट उचलून बाजूला रचत गेल्या. त्यांच्या अंगात एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे. शेवटची वीट निघाली तेव्हा उन्हं केळींच्या शेंड्यांवर गेली होती, आणि भिंतीत एक दार उभं होतं, चौकट नसलेलं. पलीकडे वाडी, वाळक्या पानांची सळसळ आणि थंडीतल्या संध्याकाळचा धुरकट वास.

लतिका विटांवरचं सिमेंट खरवडायला बसली. विटा साफ करायच्या, पाण्यात बुडवायच्या आणि चुन्यात रचायच्या, असा तिचा हिशेब. तेवढ्यात मावशींनी पाट आणून त्या वाटेच्या तोंडाशीच मांडला. एका वाटीत पाणी, त्यात पांढऱ्या फडक्याची घडी. ती वाटी त्यांनी हात लांब करून बाहेरच्या जोत्यावर ठेवली आणि पाटावर बसल्या.

"आज नको लावूस," त्या म्हणाल्या. "आजची रात उघडं राहू दे."

लतिकानं विचारलं, की का? मावशी तिच्याकडे न बघता बोलू लागल्या, हळू, धान्य निवडताना बोलावं तसं. शेवटच्या रात्री पोरीच्या कपाळावर पट्ट्या त्याच ठेवत होत्या. पट्टी सुकली की पोर सांगायची, आये, पट्टी सुकली. पहाटेकडे मावशींचा डोळा लागला. कितीदा हाक मारली असेल, कोण सांगणार. जाग आली तेव्हा फडकं कपाळावर कोरडं कडक झालं होतं आणि पोर थंड पडली होती.

"आता रोज दिवेलागनीला येते. या भिंतीला बाहेरून हात लावून बघते नि जाते. मला आत ऐकू येतं, बाय. एकदा पट्टी ठेवून दिली म्हंजे झालं. मग मला नेलं तरी चालंल."

लतिकाच्या हातातली वीट तिथेच राहिली. तिनं काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या ध्यानात आलं की वाडीतली सळसळ थांबली आहे. वारा होता, केळीची पानं हलताना दिसत होती, पण आवाज नव्हता. आणि त्या वाटेतून आत ऊब येत होती. बाहेर स्वेटर घालावा असा गारठा, आणि भिंतीतून मात्र तापलेल्या माणसाच्या उशाशी बसावं तशी ऊब. त्या उबेला वासही तसाच होता, घामाचा, आजाऱ्याच्या अंथरुणाचा.

मावशी पुढे झुकल्या. "उतरला नाय गो ताप अजून..." त्या पुटपुटल्या.

त्याच वेळी हरेश्वरकाका पुढच्या दारानं आत आले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात त्यांनी पाहिलं मात्र, त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कोनी उघडली ही?"

लतिकानं छिन्नी दाखवली. काकांनी बायकोला दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं, आणि तसंच धरून ठेवत, घोगऱ्या आवाजात लतिकाला सांगितलं. "पोर पंचकात गेली. पंचकात गेलेलं मानूस एकटं जात नाय, घरातलं कोनतरी बरोबर मागतं. म्हनून आमच्या घरान्यात पुढच्या दारानं नेत नाय. मागची भिंत फोडायची, तिथून न्यायचं, आनि मसनातून मानसं परतायच्या आत वाट बुजवून टाकायची. ज्या वाटेनं गेलं, तेवढीच वाट त्याला ठाऊक. बंद कर, पोरी. माझे हात मोकळे नायत. तूच बंद कर."

मावशी हुंदके देत होत्या, सुटायला बघत होत्या. एकदा, फक्त एकदा पट्टी ठेवू द्या, असं म्हणत होत्या. आणि खरं सांगायचं तर लतिकालाही वीट उचलवत नव्हती. पलीकडे रीमा होती. जिला तिनं शेवटचं पाहिलंही नव्हतं ती रीमा. ही वाट बंद केली की आपण दुसऱ्यांदा, आणि या खेपेला आपल्या हातानं तिला घालवणार, हे तिला लख्ख कळत होतं. पण मावशींचं तोंड तिनं पाहिलं. त्या तोंडावर भीती नव्हती. एस.टी. लागायची वाट बघत फाट्यावर उभ्या असलेल्या माणसासारख्या त्या अधीर होत्या. ते बघून लतिका उठली. तिनं पिंपातला चुना घमेल्यात घेतला, वाळू ओतली आणि पहिला थर लावला.

पहिला थर, दुसरा थर. बाहेर अंधार दाटत होता, केळींच्या मधून कोणी येताना दिसत नव्हतं, तरी ऊब मात्र जवळ येत होती. विटा कमरेपर्यंत आल्या, छातीपर्यंत आल्या. आणि मग भिंतीच्या पलीकडून, अगदी हाताच्या अंतरावरून, थकलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

"वीट कोरडी लावतेयस, लती..."

वर्गात हीच चूक लतिका नेहमी करायची. वीट भिजवायची राहायची, आणि रीमा तिच्या हातून काढून घेऊन स्वतः पाण्यात बुडवून द्यायची. लतिकाला ढसाढसा रडू आलं. रडतच तिनं पुढची वीट बादलीत बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत धरली, आणि वर उचलून लावली. मग त्यापुढची. सगळ्या विटा तिनं भिजवून लावल्या. पलीकडून त्यावर काही आलं नाही. शेवटच्या फटीतून एकदाच ऐकू आलं, तेही तिच्यासाठी नव्हतं.

"आये... पट्टी सुकली..."

मावशींनी फोडलेला हंबरडा लतिका जन्मभर विसरणार नाही. तिनं फट बुजवली.

बस निघून गेली होती. बोळिंजला फोन करून तिनं आईला सांगितलं, की रीमाकडे राहते. मावशी रडून रडून निपचित झाल्या तेव्हा काकांनी त्यांना माजघरात निजवलं, मधलं दार ओढून घेतलं, आणि दोघं स्वयंपाकघरात त्या ओल्या भिंतीसमोर बसून राहिली. चुना सिमेंटसारखा रात्रीत धरत नाही. नुसता हात लावला तरी विटा हलल्या असत्या. कोणी हात लावला नाही. काका मधूनच रीमाच्या लहानपणाचं काहीबाही सांगत होते. लतिका ऐकत होती आणि तिची नजर भिंतीवरून ढळत नव्हती.

उजाडल्यावर दोघं वळसा घालून वाडीत गेली. लतिकानं सगळं काम आतून केलं होतं, तेव्हा बाहेरून विटांच्या मधला चुना ओबडधोबड, ओघळलेला असायला हवा होता. तो तसा नव्हता. प्रत्येक फट नीट भरलेली, अंगठा फिरवून गुळगुळीत केलेली. वर्गात त्यासाठी लोखंडी सळई द्यायचे, आणि अंगठ्यानं करते म्हणून रीमा दरवेळी बोलणी खायची. खालपासून वरपर्यंत एकही जागा राहिली नव्हती.

काकांनी भिंतीवर तळवा टेकला आणि ते लहान मुलासारखे रडले. "शानी माझी पोर," ते म्हणाले. "आपली वाट आपनच बुजवून गेली. आईला नाय नेलंन." लतिकालाही तसंच वाटलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिला रीमा गेल्याचं खरं वाटलं. जोत्यावरची वाटी तिनं उचलली. पाणी तळाशी गेलं होतं. फडकं वाटीत नव्हतं. वाऱ्यानं उडालं असेल म्हणून तिनं केळींच्या बुंध्यांशी शोधलं, आणि मग सोडून दिलं.

मावशींना सांगायला ती माजघरात गेली, मागोमाग काका. खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं. मावशी उताण्या निजल्या होत्या, शांत, हात छातीवर. त्यांच्या कपाळावर पांढऱ्या फडक्याची पट्टी होती, चौपदरी, कडेला चुन्याचा अंगठा उमटलेली. काका म्हणाले, मी नाय ठेवली. लतिकानं वाकून हात लावला. पट्टी गार होती, आत्ताच पिळून ठेवल्यासारखी. आणि तिच्याखालचं कपाळ तापानं नुसतं फणफणत होतं.