अक्कांच्या बाजूचा काटा

गाडीत जादाचं मीटर कुठं बसवायचं हे ठरवायला पाच मिनिटं लागतात. रतिलालनानांनी तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी माझं डोकं इतकं उठलं होतं की मी म्हणालो, "नाना, तुमच्या कपाळावर बसवून देतो, आरशात बघत जा."

ते हसले नाहीत. पस्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर होते, हसायच्या आधीसुद्धा दोनदा तपासून बघतात.

मी पंडित. शिरपूरला करवंद नाक्याजवळ माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. भुताखेताच्या गोष्टी सांगणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी बॅटरीचं पाणी तपासायला सांगतो. निम्मी भुतं तिथंच सापडतात.

नानांचं काम खरं तर साधं होतं. त्यांच्या बायकोच्या, इंदिराबाईंच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. दर मंगळवारी आणि शनिवारी त्यांना धुळ्याला, देवपुरात, डायलिसिसला न्यावं लागतं. मुलगा नाही, मुलगी सुरतेला. जुनी डिझेल जीप आणि ती चालवणारे नाना, एवढाच कारभार. मागच्या मे महिन्यात नरडाण्याच्या अलीकडे गाडी गरम होऊन बंद पडली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला तोवर गॅस्केट उडून गेलं होतं. अडीच तास दोघं उन्हात. त्या दिवशीची फेरी हुकली आणि रात्रीतून अक्कांच्या छातीत पाणी भरलं. वाचल्या, पण आणखी एक फेरी हुकली तर काय होईल ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

म्हणून इंजिनाचं तापमान आकड्यात दाखवणारं वेगळं गेज. कोणतं घ्यायचं हे ठरवण्यात त्यांनी दिवाळी उलटवली आणि डिसेंबरात एकदाचे आले.

नवं गेज गाडीत बसवायच्या आधी मी ते टेबलावर बॅटरीला जोडून तपासतो. ही माझ्या उस्तादाची रीत. सेन्सर मुठीत घट्ट धरायचा, दोन मिनिटांत काटा छत्तीसला यायला पाहिजे. मग शेजारी धनीबाईची चहाची टपरी आहे, तिच्या उकळत्या पातेल्यात सेन्सर बुडवायचा, काटा शंभराला टेकला पाहिजे. मूठ आणि पातेलं, दोन्हीकडे खरं बोललं की ते गेज मी डोळे मिटून लावतो. नानांचं गेज दोन्हीकडे खरं बोललं होतं. हे मी शपथेवर सांगतो.

मग जागेचा घोळ सुरू झाला. स्पीडोमीटरशेजारी लावू म्हटलं, तर तिथं गणपती.

"गणपती दोन बोटं सरकवू."

"सासऱ्यांनी बसवलाय. सरकवायचा नाही."

काचेच्या खांबाला लावलं तर वळणावरची मोटारसायकल झाकली जाते. स्टिअरिंगखाली लावलं तर मान वाकवावी लागते, आणि मानेला पट्टा आहे. प्रत्येक ठिकाणी मी गेज हातात धरून ओणवा, आणि नाना सीटवर बसून आधी एक डोळा मिटून बघणार, मग दुसरा. माझ्या कमरेचे टाके ढिले झाले. गिऱ्हाईक देव असतं म्हणतात, पण देवसुद्धा एवढं छळत नाही.

शेवटी डावीकडच्या सीटवरून अक्का म्हणाल्या, "माझ्यासमोर लावा. ते रस्ता बघतील, मी काटा बघते. नाहीतरी धुळ्यापर्यंत मला काय काम आहे?"

नानांना ते लगेच पटलं. तीन दिवस माझं एक ऐकलं नाही. तरी त्यांचं काही सांगता येत नाही म्हणून मी फिरणारा ब्रॅकेट वापरला, म्हणजे उद्या मन बदललं तर नुसतं वळवायचं. अक्कांसमोर गेज लावलं, वायर ओढली, गाडी चालू केली.

अर्ध्या तासाने रेडिएटरच्या पाइपाला हात लावता येईना, आणि काटा छत्तीसवर.

अर्थिंग बदललं. वायर बदलली. सेन्सर काढून परत पातेल्यात बुडवला. धनीबाई वैतागली, "भाऊ, मनं बठ्ठं दूध उतू गयं तुमना नादमा." टेबलावर काटा शंभर, गाडीत छत्तीस. नाना घड्याळ बघत होते आणि मिनिटाला एकदा "काय झालं?" विचारत होते. मी रागाने सेन्सरची वायर गेजच्या मागून उपटून काढली. वायर काढली की काटा तळाला, दहाच्या खुणेवर पडतो. कोणतंही गेज घ्या.

काटा छत्तीसवरच राहिला.

तेवढ्यात अक्का चहाला खाली उतरल्या. काटा हळूहळू वीसवर आला. सावलीत तेवढीच हवा असेल. त्या परत येऊन बसल्या, दोन मिनिटांत छत्तीस.

"सीटखाली वायर दबत असेल," मी म्हणालो आणि सीट खोलून काढली. खाली शेंगदाण्याची टरफलं आणि एक जुना रुपया. वायर नाही.

मी हात टेकले. नानांना दुसरं गेज घ्यायला लावलं, तेही मुठीत आणि पातेल्यात तपासलं, आणि पहिल्या दिवशी सांगितलं होतं तिथंच, स्पीडोमीटरशेजारी, बसवलं. गणपती दोन बोटं सरकला. काही बिघडलं नाही. काटा ब्याऐंशीला गेला आणि शहाण्यासारखा तिथं थांबला.

पहिलं काढायला गेलो तर अक्कांनी माझं मनगट धरलं. "राहू द्या पंडितभाऊ. मला त्याच्याकडे बघायला बरं वाटतं."

वायरच नव्हती तर राहून काय बिघडणार होतं? राहू दिलं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी नाना एकटेच दुकानात आले आणि स्टुलावर बसले. सांगू की नको असं चाललं होतं त्यांचं.

"मंगळवारी धुळ्याहून परत येताना सोनगीरजवळ ही म्हणाली, काटा एकोणचाळीसला गेला. अंगाला हात लावला तर काही कळेना. ती म्हणते, गाडी फिरवा. फिरवली. दवाखान्यात पोचेपर्यंत थंडी वाजून आली. डायलिसिसच्या नळीत जंतू झाले होते. डॉक्टर म्हणाले, घरी गेले असते तर अवघड होतं."

"योगायोग," मी म्हणालो.

"तेच मीही म्हणतो," नाना म्हणाले. मग उठताना म्हणाले, "पण काढायचं नाही ते."

जानेवारीचा दुसरा मंगळवार. थंडी मरणाची होती, दुकानातल्या भिंतीवरचं थर्मामीटर चौदा दाखवत होतं. आठच्या सुमाराला जीप दारात थांबली. हॉर्न वाजत नव्हता. फ्यूज गेला होता, दोन मिनिटांचं काम, त्यात नानांनी बसल्या जागेवरून चार सूचना केल्या. मी फ्यूज बदलून अक्कांच्या खिडकीशी आलो. पूर्वेचं ऊन गेजच्या काचेवरून त्यांच्या डोळ्यांत जात होतं. त्यांनी हात लांबवून ब्रॅकेट उजवीकडे, नानांकडे, वळवला.

काटा छत्तीसवरून निघाला. तीस. चोवीस. अठरा. चौदावर थांबला.

मी खिडकीतून हात घालून गेज अक्कांकडे फिरवलं. थोड्या वेळाने छत्तीस. नानांकडे फिरवलं. चौदा.

नाना स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. "अर्थिंग बघा तुमचं," ते म्हणाले. "चला, अकराला मशीन मिळतं."

"नाना, खाली उतरा."

"कशाला?"

काय सांगणार होतो? वायर नसलेल्या गेजमध्ये तुम्ही पत्र्याइतके थंड दिसता?

"क्लच जड वाटतोय. मी चालवून बघतो धुळ्यापर्यंत. मला तिकडून सामान आणायचंच आहे."

"क्लच माझा चांगला आहे."

"नाना, एकतीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. तीन दिवस तुमचा जाच सोसला. आता मुकाट्याने मागे बसा."

एवढ्या मोठ्या आवाजात मी गिऱ्हाइकाशी कधी बोललो नव्हतो. धनीबाई पातेलं सोडून बघत राहिली. नाना उतरले, मागचं दार आपटलं आणि तोंड फिरवून बसले. मी दुकानाचं शटर ओढलं आणि गाडी काढली.

भीती मला नानांच्या जिवाची वाटत होती. चालत्या गाडीत या माणसाचं काही झालं असतं तर अक्काही गेल्या असत्या. मागे बसून काही झालं तर निदान गाडी रस्त्यावर राहील, दवाखाना गाठता येईल. माझा हिशेब एवढाच होता. गेजवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण विश्वास नाही म्हणून माणूस विजेच्या उघड्या तारेला हात लावत नाही.

पूल येईपर्यंत मी गेजकडे बघितलं नाही. ते तसंच उजवीकडे, चालकाकडे, वळलेलं होतं. मागून नाना सांगत होते, गिअर बदला, ट्रकला जागा द्या, असा ब्रेक मारतात का. आवाज खणखणीत होता. इतका कटकटीचा आवाज ऐकून मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तापीच्या पुलावर वाऱ्याने काच थडथडली.

तिथं मी बघितलं.

चौदा.

मला वाटलं अडकला असेल. मी टिचकी मारली. काटा थरथरला आणि परत चौदावर आला.

अक्का बघत होत्या. त्यांनी ब्रॅकेट पूर्ण मागे, नानांकडे, फिरवला आणि मान वळवून काट्याकडे पाहत राहिल्या. पूल संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"किती?" मी विचारलं.

"छत्तीस," त्या हळू म्हणाल्या.

मग त्यांनी गेज पुढच्या काचेकडे, रस्त्याकडे, तोंड करून ठेवलं आणि पदर ओठांशी धरला. देवपूर येईपर्यंत मागून नानांच्या सूचना चालू होत्या.

रस्त्यात काही झालं नाही. मशीन वेळेवर मिळालं. संध्याकाळी मीच गाडी परत आणली. नाना आता मार्चमध्येही ठणठणीत आहेत, दर मंगळवारी आणि शनिवारी स्वतः गाडी चालवतात, आणि जाता जाता माझ्या कामात खोड काढतात. नानांना त्या दिवसाचं काही माहीत नाही. अक्का मात्र दुकानासमोरून जाताना हात जोडतात. आधी नुसता हात हलवायच्या.

मलाही काही झालेलं नाही. भूक लागते, झोप लागते. बायकोने, सरिताने, ताप बघायचं थर्मामीटर लावून पाहिलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काय धाड भरलीय.

फेब्रुवारीत एक टेम्पोवाला नवं गेज घेऊन आला. मी टेबलावर बॅटरीला जोडलं, सेन्सर मुठीत धरला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. काटा भिंतीवरच्या थर्मामीटरइतकाच. गेज खराब म्हणून परत पाठवलं. दुसरं आणलं, तिसरं आणलं. तिन्ही पातेल्यात शंभर दाखवत होती.

मग धनीबाईला हाक मारली आणि सेन्सर तिच्या हातात दिला. पदराला हात पुसून तिने तो मुठीत धरला, आणि काटा सरळ छत्तीसला गेला.

"काय शे हाई?" तिने विचारलं.

"काही नाही. माझ्या हाताला ग्रीस असतं ना, म्हणून बरोबर दाखवत नाही."

तेव्हापासून मूठ धनीबाईची आणि पातेलंही तिचंच. मी फक्त काटा वाचतो.